फोनवर भरलेली सभा

मंडळी, आज नेपाळची हकीकत सांगतो. २०२५ सालची.

तिथली पोरं मोबाइलवर पुढाऱ्यांच्या मुलांचे फोटो बघत. भारी कपडे, परदेशच्या सहली. आपला बाप आखातात उन्हात राबतो, मग हा पैसा आला कुठून? पोरं एकमेकांना विचारू लागली. इतक्यात ४ सप्टेंबरला सरकारने फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप अशी २६ ॲपे बंद केली. कारण सांगितले, कंपन्यांनी नोंदणी केली नाही.

८ तारखेला पोरं काठमांडूच्या रस्त्यावर आली. काही तर शाळेच्या गणवेशातच होती. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात १९ जीव गेले. त्याच रात्री बंदी उठली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. त्या दिवशी जमावाने संसद जाळली, सुप्रीम कोर्टही जाळले. कोर्टाचे दप्तर जळाले. त्यात गरिबांच्या दाव्यांचे कागदही असतील, नाही का?

मग पोरांनी डिस्कॉर्ड नावाच्या ॲपवर सभा भरवली. हजारो जण फोनवरूनच बोलले. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे नाव पुढे आले. १२ तारखेला त्या हंगामी पंतप्रधान झाल्या.

डोंगरातली, फोन नसलेली म्हातारी मात्र त्या सभेत नव्हती. तिला विचारायचा दिवस ठरला ५ मार्च २०२६, मतदानाचा.