इंदिरा संत : एका कवयित्रीचे वाचन



कवी लिहितो कसा, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. तो वाचतो कसा, याची चौकशी क्वचितच केली जाते. बेळगावात आयुष्याचा फार मोठा काळ घालवलेल्या कै. इंदिरा संत (१९१४–२०००) यांच्या बाबतीत ही चौकशी विशेष फलदायी ठरते.

‘सहवास’ हा त्यांचा आरंभीचा संग्रह पती ना. मा. संत यांच्या जोडीने निघाला. १९४६ साली ना. मा. संतांचे निधन झाले. त्यानंतर मुलांचा सांभाळ आणि अध्यापन करीत असता ‘शेला’, ‘मेंदी’ (१९५५), ‘मृगजळ’ (१९५७), ‘रंगबावरी’ (१९६४) हे संग्रह सिद्ध झाले. मराठी वाचकाने या कवितेवर अपार प्रेम केले. परंतु त्या प्रेमाला एक सवय जडली. कवितेत पाऊस आला, संध्याकाळ आली, की तिच्यामागे कवयित्रीचे वैधव्य शोधायचे! ही सवय निराधार नाही. अपुरी मात्र आहे. कविता चरित्राची पुरवणी ठरली, की तिची लय, तिच्यातील प्रतिमा आणि शब्दांची काटकसर दृष्टीआड होते.

इंदिराबाईंची स्वतःची वाचनाची रीत याहून वेगळी होती. तिचा पुरावा म्हणजे ‘मालनगाथा’. जात्यावर बसून ओवी गुंफणारी अनामिक स्त्री म्हणजे मालन. तिचे जन्मसाल नाही, गावाचा पत्ता नाही, छायाचित्र नाही. चरित्राचा टेकू नसल्यामुळे वाचणाऱ्याला ओवीच्या शब्दांपाशीच थांबावे लागते. माहेरची ओढ, भावाची वाट, लेकीची पाठवणी यांत दुःख कोणाचे, हा प्रश्न गळून पडतो आणि ते शब्दांत उतरले कसे, एवढेच पाहणे उरते. ‘गर्भरेशीम’साठी १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेली ही कवयित्री त्या निरक्षर बहिणींच्या ओव्यांचे रसग्रहण समानधर्मी म्हणून करते. त्यांच्यावर उपकार केल्याचा भाव तिथे नाही.

जे लक्ष इंदिराबाईंनी मालनीच्या ओवीला दिले, तेच त्यांच्या कवितेला देणे हे वाचकाचे ऋण आहे. आधी कविता वाचावी, चरित्र नंतर.

ग्रंथालयालाही यातून एक काम सापडते. ग्रंथयादीत लेखकाच्या नावाचा रकाना असतो. मालनीपाशी तो रिकामा राहतो. गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, आणि ओवी पाठ असलेल्या आज्या दरवर्षी कमी होत आहेत. प्रत्येक सभासदाने घरातील वडीलधाऱ्या स्त्रीला आठवणाऱ्या चार ओव्या लिहून आणल्या, तर ग्रंथालयात एक वही उभी राहील. तिच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नसले तरी चालेल. ती वाचणारे मात्र हवेत.