वसतिगृहातील पाण्याचा रोजमेळ



१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ रेल्वे लातूर स्थानकात दाखल झाली. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी! मांजरा धरण कोरडे पडले होते, पाणवठ्यांवर जमावबंदी लागू करावी लागली होती. ‘लातूर पॅटर्न’च्या लौकिकाने आलेली परगावची कित्येक मुले पाण्याअभावी घरी परतली.

राष्ट्रीय इमारत संहितेत वसतिगृहासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. त्या हिशेबाने ती संपूर्ण गाडी सुमारे ३७०० विद्यार्थ्यांना एकच दिवस पुरली असती. नांदेडला गोदावरीवरील विष्णुपुरी प्रकल्पाचा आधार आहे खरा. तथापि टाकी भरून वाहण्याची रीत दोन्ही नगरांत सारखीच.

दुकानातील कापड मीटरने मोजून घेतले व दिले जाते, सायंकाळी शिल्लक जुळवली जाते. शंभर मुलांच्या वसतिगृहात रोज साडेतेरा हजार लिटर पाणी खर्ची पडते, त्याची मात्र नोंद नसते. नव्या तंत्राचा खरा उपयोग येथेच आहे. टाकीतील पातळी ओळखणारा संवेदक टाकी भरताच मोटार बंद करतो. विंधन विहीर आटली असता मोटार कोरडी चालून जळू नये, याचीही व्यवस्था होते. वीज खंडित होण्याचा आपल्याकडील अनुभव पाहता या यंत्रणेला बॅटरीची जोड हवी, हे विक्रेता सहसा आपण होऊन सांगत नाही.

त्याहून मोलाचा म्हणजे टाकीतून खाली येणाऱ्या मुख्य नळावरील, नोंद ठेवणारा जलमापक. रात्री एक ते चार या वेळेत मुले निजलेली असतात. तेव्हा काटा जवळजवळ स्थिर असावयास हवा. तो सतत फिरत असेल, तर गळती आहे असे समजावे. शौचालयाच्या एकाच टाकीतून मिनिटाला अर्धा लिटर पाणी झिरपले, तरी दिवसाकाठी ७२० लिटर जातात, म्हणजे पाच विद्यार्थ्यांचा वाटा. ही गळती डोळ्यांना दिसत नाही, कानांनाही क्वचितच ऐकू येते.

अनेक संस्था प्रथम कॅमेरे व बोटांच्या ठशांची हजेरी घेतात, कारण ती पालकांना दाखविता येते. जलमापक कोणाला दाखवावयाचा?

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. गळतीची सूचना रात्री दोन वाजता व्यवस्थापकाच्या मोबाइलवर आली आणि सकाळी नऊला वाचली गेली, तर सात तासांचे पाणी गेलेच. ती सूचना रात्रपाळीच्या पहारेकऱ्याकडेही जावी. कोणत्या मजल्याचा व्हॉल्व्ह कोठे आहे, हे त्याला प्रत्यक्ष नेऊन दाखवावे आणि प्रत्येक व्हॉल्व्हवर ठळक रंगाने मजल्याचा क्रमांक घालून ठेवावा.