‘ग्राफिक’चं चित्र आणि अ‍ॅलिसचं मौन



प्रसारमाध्यमं आणि स्त्री या विषयावर बोलताना आपण बहुधा जाहिराती आणि सिनेमापाशीच थांबतो. आज मी एका बंद पडलेल्या दुपारच्या वर्तमानपत्राबद्दल बोलणार आहे. न्यूयॉर्कचं ‘इव्हिनिंग ग्राफिक’. बर्नार मॅकफॅडन यांनी ते १९२४ मध्ये काढलं, १९३२ मध्ये ते बंद पडलं. आयुष्य आठच वर्षांचं; पण त्यानं घालून दिलेला कित्ता आजही गिरवला जातो आहे.

असं पत्र चालतं कसं, ते आधी पाहू. ते रस्त्यावर विकलं जातं. कामावरून घरी निघालेला माणूस पहिल्या पानावरचं चित्र बघून खिशात हात घालतो. मोठे जाहिरातदार ‘ग्राफिक’पासून लांबच राहिले. म्हणजे सगळी मदार खपावर, आणि खपाची मदार चित्रावर. चित्र नसेल तर?

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये लेनर्ड ऱ्हाइनलँडर या बड्या घराण्यातल्या मुलानं अ‍ॅलिस जोन्स या कष्टकरी घरातल्या मुलीशी लग्न केलं. तिची आई गोरी, वडील मिश्र वंशाचे. बातमी फुटल्यावर महिन्याभरात नवऱ्यानं दावा लावला: हिनं आपला वंश लपवून मला फसवलं, लग्न रद्द करा. नोव्हेंबर १९२५ मध्ये खटला उभा राहिला. लग्नाआधीच नवऱ्यानं तिचं शरीर पाहिलं होतं, मग फसवणूक कसली, हे सिद्ध करण्यासाठी तिच्याच वकिलानं तिला बंद खोलीत ज्यूरीसमोर कपडे उतरवायला लावले. ज्यूरीतले सगळे गोरे पुरुष. न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांना ज्यूरीत बसायला १९३७ पर्यंत वाट पाहावी लागली. संपूर्ण खटल्यात अ‍ॅलिस साक्षीला उभीच राहिली नाही. तिचा शब्द कोणी ऐकला नाही. तिची कातडी मात्र पुरावा झाली.

त्या खोलीत छायाचित्रकारांना मज्जाव होता. ‘ग्राफिक’नं मग कचेरीतच प्रसंग उभा केला. एका नर्तकीला अ‍ॅलिसच्या जागी उभं केलं, छायाचित्र काढलं आणि त्यावर खटल्यातल्या माणसांचे चेहरे चिकटवले. अंक हातोहात खपला. या चिकटवाचिकटवीला ‘कंपोझोग्राफ’ असं नाव मिळालं आणि तो त्या पत्राचा धंदाच झाला. १९२६ मध्ये एक्कावन्न वर्षांच्या ब्राउनिंग या धनिकानं पंधरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. काही महिन्यांत ती घर सोडून गेली. ‘ग्राफिक’नं त्यांच्या शयनगृहाची बनावट चित्रं छापली. एका अल्पवयीन मुलीचं दुःख शहराची करमणूक झालं.

अ‍ॅलिस खटला जिंकली. पण त्या चित्रावर तिला कोणी विचारलं नाही, आणि चित्र मागे घेता येत नसतं.

आपल्याकडे १९८६ मध्ये स्त्रियांच्या अशोभनीय चित्रणाविरुद्ध कायदा झाला. त्याचा उपयोग आहेच. पण मला त्या ‘अशोभनीय’ शब्दाची भीती वाटते. ‘ग्राफिक’च्या चित्रातली बाई पाठमोरी होती. शोभेच्या कसोटीवर कदाचित ते सुटलंही असतं. गुन्हा उघड्या पाठीत नव्हता. एका जिवंत बाईला न विचारता तिला तिथे उभं केलं, हा गुन्हा होता. जानेवारी २०२२ मध्ये ‘बुली बाई’ अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रं ‘लिलावा’ला लावली, तेव्हा त्यातली कित्येक छायाचित्रं साधी, अंगभर कपड्यांतली होती. तिथे शोभेचा प्रश्नच नव्हता. बोलणाऱ्या बायकांना गप्प करायचं होतं.

कात्री आणि डिंकाची जागा आता संगणकानं घेतली आहे. तेव्हा एक कचेरी लागत होती, आता शेजारचा मुलगा पुरतो. म्हणून आपल्या केंद्रावर अशी तक्रार घेऊन एखादी मुलगी आली, तर “फोटो खरा आहे का?” हा प्रश्न आपण पहिला विचारू नये. खरा असो, खोटा असो, तिची परवानगी नव्हती, एवढं पुरे. पहिला प्रश्न असावा, “तुला काय व्हायला हवंय?” आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहून घ्यावं. अ‍ॅलिसच्या वाट्याला एवढंही आलं नव्हतं.