हरवलेल्याचा शोध आणि एक प्रेमकथा

(अभ्यासवर्गातील व्याख्यान)



चळवळीत काम करणाऱ्या माणसाने प्रेमकथा वाचाव्यात की नाही, हा प्रश्न अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेवर सहसा येत नाही. कार्यकर्त्याच्या शबनम पिशवीत अहवाल असतात, पुस्तिका असतात, एखादे आत्मकथन असते. प्रेमाची कादंबरी असलीच तर ती घरी उशाशी असते आणि तिच्याविषयी चारचौघांत बोलले जात नाही. त्यातून ती भुताखेतांची आणि मंत्रतंत्रांची असेल, तर मग विचारायलाच नको. वास्तववादी साहित्य तेवढे पुरोगामी आणि अद्भुतरम्य साहित्य म्हणजे पलायन, अशी एक वाटणी बहुतेकांच्या मनात पक्की बसलेली असते.

ही वाटणी पुन्हा तपासावयास लावणारी एक कादंबरी अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झाली. ‘सेमेटरी बॉइज’ हे तिचे नाव. म्हणजे स्मशानातील मुले. लेखक एडन थॉमस. ते स्वतः पारलिंगी आहेत आणि लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली ही कादंबरी त्या वर्षीच्या ‘नॅशनल बुक अवॉर्ड’च्या पहिल्या यादीत आली आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीतही पोहोचली. परंतु खप आणि पारितोषिके हा येथे विषय नव्हे. असंख्य तरुण वाचक ह्या कादंबरीच्या प्रेमात पडले ते कशामुळे, आणि त्या प्रेमात समतेच्या कार्यकर्त्याने दखल घ्यावी असे काही आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

प्रथम कथानक. स्थळ पूर्व लॉस एंजेलिस. ही प्रामुख्याने मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांची वस्ती. येथील शाळांतील विद्यार्थ्यांनी मार्च १९६८ मध्ये निकृष्ट शिक्षणाविरुद्ध आणि स्पॅनिश बोलल्याबद्दल होणाऱ्या शिक्षांविरुद्ध वर्गांवर बहिष्कार घातला होता. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात १९७० च्या ऑगस्टमध्ये येथे प्रचंड मोर्चा निघाला. पोलिसांनी तो मोडून काढला आणि पत्रकार रुबेन सालाझार त्या दिवशी मारले गेले. अशा वस्तीतील एका दफनभूमीच्या आश्रयाने, कादंबरीच्या कल्पनेतील, एक समाज पिढ्यानपिढ्या राहतो. मृत्युदेवीने ह्या समाजाला विशेष शक्ती दिलेली आहे. स्त्रिया म्हणजे ‘ब्रुहा’. त्या रोग्यांना बरे करतात. पुरुष म्हणजे ‘ब्रुहो’. ते अडकलेल्या आत्म्यांना पलीकडे पोहोचवितात. पंधराव्या वर्षी दीक्षाविधी होतो आणि मुलगा अथवा मुलगी त्या समाजाचा पूर्ण सभासद बनतो.

कथानायक याद्रिएल सोळा वर्षांचा आहे. जन्मवेळी त्याची नोंद मुलगी म्हणून झाली. तो स्वतःला मुलगा म्हणून ओळखतो. घरच्यांचे त्याच्यावर प्रेम आहे, परंतु ब्रुहो म्हणून त्याचा विधी करण्यास ते तयार नाहीत. देवी मान्य करणार नाही, असे त्यांचे म्हणणे. त्याला समजून घेणारी आई अपघातात गेलेली आहे. शेवटी एका रात्री मारित्सा ह्या चुलत बहिणीला बरोबर घेऊन तो विधी स्वतःच उरकतो, आणि देवी त्याचा स्वीकार करते. तेथे प्रश्न नाही, चौकशी नाही, दाखल्याची मागणी नाही. नकार देवीचा कधी नव्हताच. तो देवीच्या नावाने बोलणाऱ्यांचा होता.

त्याच रात्री मिगेल नावाच्या एका आप्ताचा मृत्यू झाल्याची जाणीव साऱ्या समाजाला एकाच क्षणी होते. देह मात्र सापडत नाही. सारी माणसे शोधास निघतात. आपली पात्रता सिद्ध करावी म्हणून याद्रिएल मिगेलच्या आत्म्याला बोलावू पाहतो, आणि प्रकटतो तो भलताच आत्मा. शाळेत वांड म्हणून बदनाम असलेला ज्युलियन दियास हा मुलगा त्याच्यापुढे उभा राहतो. त्याला कोणी मारले हे त्याला ठाऊक नाही. पलीकडे जाण्यास तो साफ नकार देतो; आपले मित्र सुखरूप आहेत की नाहीत हे कळल्याखेरीज तो हलणार नाही. त्या दिवसापासून मृतांच्या सणापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांपर्यंत, हे दोघे एकत्र राहतात आणि एकमेकांच्या प्रेमात पडतात.

आता ह्या प्रेमाची अडचण पाहावी. अडकून राहिलेला आत्मा कालांतराने दुष्ट होतो. म्हणून ब्रुहोचे कर्तव्य म्हणजे त्याला निरोप देणे. याद्रिएलला ब्रुहो व्हायचे आहे, आणि ब्रुहो होणे म्हणजे प्रियकराला स्वतःच्या हातांनी पलीकडे पाठविणे. ज्या मान्यतेसाठी तो झगडतो आहे, तिचीच किंमत त्याला ह्या रूपात मागितली जाते. वाचक पाने उलटत राहतो तो ह्या पेचामुळे. ज्युलियनने त्याला जिंकले आहे ते मात्र फार साध्या रीतीने. याद्रिएल मुलगा आहे, हे त्याने कोणतीही चर्चा न करता मान्य केलेले असते. घरच्यांना जे वर्षानुवर्षे साधले नाही ते ह्या वांड मुलाला सहज साधते.

अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारा कार्यकर्ता येथे साहजिकच अडखळेल. ज्या महाराष्ट्रात नरबळी आणि जादूटोण्याच्या विरोधातील कायदा २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यानंतर, अमलात आला, तेथे आत्म्यांच्या कथेचे कौतुक करावे काय? ह्या शंकेला उत्तर दिले पाहिजे. बुवा श्रद्धा मागतो आणि त्या श्रद्धेवर पैसा व सत्ता मिळवितो. कादंबरी श्रद्धा मागत नाही. ती ‘समजा’ असे म्हणून सुरू होते आणि मिटताच वाचकाला त्याच्या जगात परत आणून सोडते. शिवाय ह्या कथेतील खलपुरुष कोण आहे हेही ध्यानात घ्यावे. तो आहे याद्रिएलचा काका कात्रिस. जन्मतः शक्ती नसल्यामुळे समाजाने त्याला बाजूला सारलेले आहे. तो प्राचीन नरबळीच्या मार्गाने शक्ती हस्तगत करू पाहतो आणि त्यासाठी तरुण मुलांचे जीव घेऊ लागतो.

काका आणि पुतण्या ही जोडी कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण रचना होय. दोघेही डावललेले आहेत. दोघांचाही राग न्याय्य आहे. दीर्घकाळ तर याद्रिएलला घरात खरी सहानुभूती वाटते ती ह्या काकाचीच. परंतु एकाला पंगतीत बसायचे आहे; दुसऱ्याला पंगतच ताब्यात घ्यायची आहे. अपमानातून समतेचा आग्रह जन्मू शकतो, तसाच सत्तेचा उन्मादही जन्मू शकतो, हे चळवळींच्या इतिहासातून कार्यकर्त्याला ठाऊक असते. आणि बळी देण्यासाठी कात्रिस ज्यांना निवडतो त्यांत ज्युलियनसारखा मुलगा असावा, ही गोष्टही योगायोगाची नाही.

कारण ह्या कादंबरीचा गाभा येथे आहे. मिगेल गेला तेव्हा सारा समाज रस्त्यावर आला. ज्युलियन नाहीसा झाला तेव्हा काय झाले? शाळेने मानले की पोराने शाळा सोडली. शेजाऱ्यांनी मानले की टोळीत गेला असेल. त्याचे वडील गोळीबारात मारले गेलेले. तेव्हा मुलाचेही तेच होणार, असे सर्वांनी आधीच ठरवून टाकलेले होते. त्याचा शोध घेणारे उरतात ते त्याचा मोठा भाऊ आणि घराने टाकलेली चार-दोन मित्रमंडळी; आणि ज्यांना स्वतःलाच कोणी विचारीत नाही, त्यांची तक्रार कोण ऐकणार? एक माणूस गेला तर गाव हळहळते, दुसरा गेला तर पटावरील एक नाव गळते. विषमतेचे हे माप वेतनाच्या आकड्यांत दिसत नाही, परंतु ते त्याहून कमी क्रूर नाही.

आणि म्हणूनच ह्या कथेत प्रेम हा राजकारणाबाहेरचा विषय राहत नाही. याद्रिएल ज्युलियनच्या प्रेमात पडतो म्हणजे नेमके काय करतो? जो कोणाच्याही मोजणीत नव्हता त्याच्या मृत्यूचा तो जाब मागतो. त्याच्या मित्रांची विचारपूस करतो, त्याचा देह शोधतो, त्याची गोष्ट पुरती ऐकून घेतो. शोध आणि प्रेम ह्या दोन वेगळ्या क्रिया उरत नाहीत. वास्तववादी कादंबरीत ज्युलियनचा अंत बहुधा एखाद्या गल्लीत झाला असता आणि वाचकाने उसासा टाकून पुस्तक मिटले असते. अद्भुताच्या आधाराने लेखकाने त्याला मृत्यूनंतरही बोलू दिले, हट्ट करू दिला, हसू दिले. आणि अखेरीस, देवीच्या कृपेने आणि याद्रिएलच्या त्यागाने, जगूही दिले.

हा सुखान्त गुळचट आहे, असा आक्षेप येऊ शकतो. त्याचे उत्तर थोड्या इतिहासात आहे. नॅन्सी लॅरिक ह्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६५ साली तीन वर्षांतील पाच हजारांवर बालपुस्तके तपासली. त्यांपैकी ज्यांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते अशी पुस्तके सात टक्केही नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालसाहित्य केंद्राने १९८५ साली मोजणी केली तेव्हा वर्षभरातील सुमारे अडीच हजार बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके अवघी १८ निघाली. रुडीन सिम्स बिशप ह्या विदुषींनी १९९० साली मांडले की पुस्तक हे मुलासाठी कधी आरसा असते, तर कधी दुसऱ्याच्या जीवनाकडे उघडणारी खिडकी. ज्या मुलांना पुस्तकांत आपला चेहरा कधी दिसतच नाही, त्यांना समाजातील आपल्या स्थानाचा फार वाईट धडा मिळतो. पुढे चेहरा दिसू लागला तेव्हाही पारलिंगी वा समलिंगी पात्राच्या वाट्याला प्रायः मृत्यू, वेड किंवा एकांतवासच आला. इतरांच्या प्रेमकथा लग्नाने संपाव्यात आणि ह्यांच्या तेवढ्या अंत्ययात्रेने, ही वाटणी कोणी केली? नाव ‘स्मशानातील मुले’ असूनही ह्या पुस्तकाचा नायक जिवंत राहतो, प्रेम करतो आणि आपल्या माणसांत सन्मानाने बसतो. कोट्यवधी प्रेमकथांत जे अगदी सामान्य आहे ते त्याला मिळते. समतेची मागणी याहून निराळी काय असते?

अशा पुस्तकांची धास्ती कोणाला वाटते, हेही पाहण्याजोगे आहे. २०२१ पासून अमेरिकेतील अनेक राज्यांत शालेय ग्रंथालयांतून पुस्तके हटविण्याची मोहीम सुरू झाली. ‘पेन अमेरिका’ ह्या लेखकांच्या संघटनेने एकट्या २०२३-२४ ह्या शालेय वर्षात अशा बंदीच्या दहा हजारांहून अधिक घटना नोंदविल्या. त्यांत गौरेतर आणि समलिंगी-पारलिंगी पात्रांची पुस्तके मोठ्या संख्येने आहेत. प्रेमकथा ही निरुपद्रवी करमणूक आहे, असे निदान बंदी घालणाऱ्यांचे तरी मत दिसत नाही.

तथापि कौतुकात विवेक सुटता कामा नये. ह्या कादंबरीला मर्यादा आहेत. स्त्रियांनी बरे करावे आणि पुरुषांनी आत्म्यांना मार्ग दाखवावा, ही मूळ विभागणीच अन्याय्य नाही काय, हा प्रश्न ती अखेरपर्यंत धसास लावीत नाही. याद्रिएलचा लढा मुख्यतः योग्य पंक्तीत बसू देण्याचा आहे. पशूंचे रक्त वापरणार नाही असा निर्धार करून आपली शक्तीच सोडून देणारी मारित्सा ही खरी बंडखोर. तिला अधिक जागा मिळावयास हवी होती. दुसरी मर्यादा बाजाराची. वैविध्य हा शब्द मोठ्या प्रकाशनसंस्थांना आता जाहिरातीसाठी गवसला आहे. मुखपृष्ठावर वेगळा चेहरा आला म्हणजे वस्तीतील भाडे कमी होत नाही की पोलिसांची वागणूक बदलत नाही. पुस्तकाने चळवळीची जागा घ्यावी, अशी अपेक्षाच चुकीची.

परंतु पुस्तक जे करू शकते ते चळवळीला एकटीने साधत नाही, हेही तितकेच खरे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निर्णय दिला की व्यक्ती स्वतःची जी लिंगओळख सांगते ती राज्याने मान्य केली पाहिजे. २०१८ साली समलिंगी संबंधांवरील फौजदारी कलंक दूर झाला. हे निकाल लढून मिळविलेले आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. तथापि निकालाने हक्क मिळतो. घरातील आजी त्या निकालामुळे नातवाला नव्या नावाने हाक मारू लागत नाही. ती हाक मारण्यासाठी तिला त्या नातवाचे सुखदुःख आतून कळावे लागते. परक्याच्या सुखात रमण्याची सवय लावणे, हे काम कथेने फार पूर्वीपासून केलेले आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने ही कादंबरी मिळाल्यास जरूर वाचावी, तरुण मुलामुलींना वाचू द्यावी आणि तिच्यावर चर्चा घडवावी. चर्चेत देवदेवतांविषयी वाद घालण्याचे कारण नाही. एकच प्रश्न घ्यावा. ज्या वस्तीत काम चालते, तेथील कोणता मुलगा, कोणती मुलगी अलीकडे दिसेनाशी झाली आहे? शाळेच्या पटावरून कोणाचे नाव गळले, घरातून कोण निघून गेले, आणि ‘असेच होणार होते’ म्हणून कोणाचा शोध कोणीच घेतला नाही? त्या नावांची यादी करावी आणि दुसऱ्या दिवशी त्या घरांचे दार ठोठवावे.