पांदण ते बारालाचा



ग्रुपवर आमचे बर्फातले मोटारसायकलवरचे फोटो पाहून अर्ध्या वर्गानं विचारलं, "काऊन वं बाई, बरफात कायले जाते मरायले?" आज माईक हातात आलाच आहे, तर उत्तर देते.

अकोल्या-अमरावतीच्या माणसाला बर्फ माहीत तो रसवंतीतला. मे महिन्यात ४५ अंश सोसणारी आपण माणसं. पण बर्फात गाडी चालवायचं शिक्षण मला मनालीत मिळालं नाही, ते मिळालं पावसाळ्यात शेताच्या पांदणीत. काळ्या मातीच्या चिखलात बाबांची राजदूत चालवताना तीन गोष्टी कळल्या: गिअर खालचा ठेवायचा, पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही आणि हँडल आवळून धरायचं नाही. बर्फावरही हेच तीन नियम.

फिजिक्सच्या सरांसाठी आकडे सांगते. कोरड्या डांबरावर रबराचा घर्षणांक साधारण ०.७, बर्फावर ०.१ च्या आसपास. म्हणजे त्याच वेगात थांबायला सातपट अंतर लागतं. म्हणून तिथे वेग ठेवायचा तो सायकलचा.

मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा खिंड सुमारे ४,८५० मीटर उंच. आपला चिखलदरा १,१०० मीटरच्या आसपास. तिथे रात्री रस्त्यावरचं पाणी गोठतं आणि त्याचा पातळ थर डांबरासारखाच काळा दिसतो. फार लवकर निघालं की गाडी त्यावर घसरते. दुपारी निघालं की बर्फ वितळून नाले रस्त्यावरून वाहू लागतात आणि त्या गार पाण्यातून गाडी काढावी लागते. म्हणून ऊन आल्यावर, पण नाले भरायच्या आत, कठीण टप्पा उरकायचा असतो.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही चौघं दोन गाड्यांवर निघालो. पुढे हे आणि मुलगा, मागे मी आणि चौदा वर्षांची लेक. झिंगझिंगबारला ती म्हणाली, "आई, डोकं ठणकतंय." थोड्या वेळानं उलटी झाली. आकाश स्वच्छ होतं, वेळही बरोबर साधली होती. मुलगा म्हणाला, "आता थोडंच तर राहिलं." पण बारालाच्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ५५ टक्के असतो. अशी लक्षणं दिसली की वर जायचं नाही, खाली उतरायचं. आम्ही गाड्या वळवल्या. हे एक शब्द बोलले नाहीत, फक्त हेल्मेट घालायला फार वेळ लावला.

जिस्पाला उतरल्यावर लेकीनं मॅगी मागितली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. खाता खाता तिनं विचारलं, "माझ्यामुळे राहिलं ना?" हे म्हणाले, "पांदणीत पुढे बैलगाडी असली की आपण मागे थांबतोच ना? तसंच." सुट्ट्या संपल्या होत्या. खिंड राहिली ती राहिलीच.

आता पुढच्या जूनमध्ये पुन्हा जायचं ठरलं आहे. लेकीनंच तारीख काढली आहे, आणि वाटेत दोन मुक्काम जास्तीचे धरले आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी या पावसाळ्यात आमच्या पांदणीत सरावाला यावं, चिखल भरपूर आहे. गुरुजनांनी कारनं यावं. २०२० मध्ये सुमारे ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग न चढता थेट लाहौलमध्ये उतरता येतं. मनालीत एक-दोन रात्री थांबून सावकाश जिस्पापर्यंत या. तिथला चहा आमच्याकडून.