आठवड्याचा हिशेब
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज बक्षीस मिळालेल्या सर्व मुलामुलींचे मी मनापासून अभिनंदन करतो. यांतील काही जण एक-दोन वर्षांत पांढरकवडा सोडतील. कोणी बुटीबोरीच्या कारखान्यात जाईल, कोणी नागपूरच्या दुकानात किंवा दवाखान्यात, कोणी आदिलाबाद-हैदराबादकडे. पगार बेताचा, खोली भाड्याची आणि घरचे माणूस जवळ नाही, असे ते पहिले वर्ष असते. त्या वर्षात पुढचे शिक्षण चालू राहणार की सुटणार, हे पुष्कळदा बुद्धीवर नव्हे तर हिशेबावर ठरते. परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख येते, खिशात पैसे नसतात, आणि हुशार मुलगा मागे पडतो. मुलगी असेल तर तिला घरी परत बोलावले जाते. म्हणून आज मोठ्या विषयावर न बोलता मी या लहान विषयावर बोलणार आहे.

आपला केळापूर तालुका कापसाचा. पावसाळ्याच्या तोंडाशी पेरणी, दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी, आणि त्यानंतर जिनिंगचा हंगाम. शेतकरी असो, हमाल असो की दुकानदार, पैसा या हंगामाभोवती फिरतो. "कापूस विकला की देतो" हे वाक्य ऐकतच आपली मुले मोठी होतात. म्हणजे घरचा हिशेब वर्षाचा. नोकरीत पगार महिन्याचा. आणि पोट तर रोजचे! या तिन्हींचा मेळ बसत नाही म्हणून पहिल्या तारखेला राजा असलेला मुलगा वीस तारखेला मित्रांकडे हात पसरतो.

हा मेळ बसवण्याचे माप आपल्या घरात आधीपासून आहे. पिशवी घेऊन आठवडी बाजाराला निघालेली आपली अम्मी पुढच्या बाजारापर्यंत किती भाजी, किती मिरची, किती तेल लागेल याचा अंदाज बांधूनच निघते. आठ दिवस पुढचे तिला स्पष्ट दिसतात. महिना लांब पडतो, दिवस फार आखूड पडतो. आठवडा हाच माणसाच्या नजरेच्या टप्प्यातला काळ आहे. चूक झाली तरी ती आठ दिवसांत उमगते आणि पुढच्या आठ दिवसांत भरून निघते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपण मुलांना सांगतो. पण अंथरूण मोजावे कसे, हे सांगत नाही. ते मोजून पाहू. समजा, हातात बारा हजार रुपये पगार पडतो. खोलीभाड्याचा वाटा 2000, दोन वेळच्या डब्याचे 3000, घरी पाठवायचे 2000 आणि बचत 1000. हे 8000 पगाराच्या दिवशीच बाजूला काढावेत. राहिले 4000. यांतून चहा, साबण, बसभाडे, फळे, फोन आणि गावी येणे-जाणे भागवायचे.

बहुतेक मुले या 4000 चे चार भाग करतात, आणि इथेच फसतात. वर्षात आठवडे 52 असतात, अठ्ठेचाळीस नव्हेत. निदान चार महिने असे येतात की त्यांत पाच बाजार पडतात. तेव्हा भाग पाच करावेत. आठवड्याला 800. ज्या महिन्यात चारच बाजार येतील त्या महिन्यात 800 रुपये शिल्लक राहतील. 52 आठवड्यांचे 41,600 होतात आणि वर्षाचे मिळतात 48,000. म्हणजे 6400 रुपये उरले. परीक्षेची फी, ईदचे कपडे, अचानक आलेला ताप, यांची सोय कोणापुढे हात न पसरता झाली. रक्कम ज्याची त्याने बदलावी, रीत तीच ठेवावी.

फोनचे उदाहरण पाहा. मुलांना वाटते, रिचार्ज महिन्याचा आहे. पुष्कळ योजना 28 दिवसांच्या असतात, म्हणून वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. आठवड्याला चौथा हिस्सा काढून ठेवला तर हा तेरावा अंगावर येत नाही. 2016 पासून फोनवरूनच पैसे देण्याची सोय झाली. सोय चांगली, पण हातातून नोट जाताना जी टोच लागते, ती फोनवर लागत नाही. त्यासाठी पगाराचे खाते वेगळे आणि खर्चाचे वेगळे ठेवावे. किमान शिलकीची अट नसलेले जनधन खाते 2014 पासून मिळते. दर आठवड्याला त्यात फक्त 800 टाकावेत. ते संपले की बाजार संपला.

एकट्या कामगारांचा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात घरदार गावी ठेवून आलेले हजारो कामगार खानावळीत जेवत आणि पगार झाला की पैसे देत. तोवर खानावळवाली बाई किराणा उधारीवर आणी आणि व्याज भरी. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. 1982 च्या संपात गिरण्या थांबल्या, तशा पुष्कळ खानावळींच्या चुलीही थंडावल्या. आपण उधार जेवतो तेव्हा त्याचा भार दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावर बसतो, हे यातून घेण्यासारखे आहे. भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या खानावळीला भिशी म्हणतात, आणि आपल्याकडे बायका पैसे जमवतात त्यालाही भिशीच म्हणतात. दोन्हींचा जीव एकाच गोष्टीत आहे: ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम देणे.

आता पालकांना दोन शब्द. मुलाच्या पहिल्या पगारावर बहिणीचे लग्न, घराचे छप्पर आणि जुनी उधारी एकदम लादू नका. तो नाही म्हणणार नाही. तो एक वेळचा डबा बंद करील आणि तुम्हाला सांगणार नाही. किंवा फोनवर झटपट मिळणारे कर्ज घेईल आणि व्याजात अडकेल. "किती पाठवतोस?" असे विचारण्याआधी "तुझ्याजवळ किती उरतात?" असे विचारा. आणि मुलांना गावाबाहेर धाडण्यापूर्वी निदान तीन महिने घरचा आठवडी बाजार त्यांच्या हाती सोपवा. मुलांनाही आणि मुलींनाही.

विद्यार्थी मित्रांनो, एक दहा रुपयांची वही घ्या. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले. जुम्म्याची सुट्टी असो की रविवारची, आठवड्यातून अर्धा तास तिला द्या. उधळपट्टी जशी वाईट तसा पोट मारून केलेला कंजूषपणाही वाईट. दूध आणि फळे बंद करून वाचवलेला पैसा शेवटी औषधातच जातो. ज्याच्या वहीत शिल्लक आहे, तो मालकाशी ताठ मानेने बोलतो आणि अर्ज भरण्याची तारीख आली की घाबरत नाही.