नक्कल आणि नजर

(मंडळाच्या वर्धापनदिनी, चित्रप्रदर्शनाच्या वेळी केलेले भाषण)



आपल्या चित्रकला वर्गातील भगिनींनी जपानी स्त्रीचित्रांच्या हाताने रंगविलेल्या प्रतिकृती शेजारच्या खोलीत मांडल्या आहेत. त्या पाहून, ‘चित्रे सुरेख आहेत, पण शेवटी नक्कलच ना!’ असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ही शंका रास्त आहे. तिचेच निरसन करण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

अशा चित्रांना जपानीत ‘बिजिन-गा’ म्हणतात. बिजिन म्हणजे रूपवती, आणि गा म्हणजे चित्र. सतराव्या शतकात एदो, म्हणजे आजचे टोकियो, भरभराटीस आले. व्यापाऱ्यांच्या हाती पैसा खेळू लागला आणि या चित्रांची आवड वाढली. त्या काळचा मोरोनोबू हा चित्रकार कशिदाकाराचा मुलगा. त्याचे ‘मागे वळून पाहणारी सुंदरी’ हे रेशमावरील चित्र पाहा. बाई पाठमोरी आहे, चेहरा जेमतेम दिसतो. पण तांबड्या किमोनोवरील फुले आणि कमरपट्ट्याची गाठ कशी निगुतीने काढली आहे! ती गाठ किचिया नावाच्या नटामुळे रूढ झाली होती. सिनेमातील नटीचे पाहून आपल्याकडे पोलक्याच्या बाह्या लांब-आखूड होतात, तसाच हा प्रकार!

पुढे उतामारो झाला. तो १८०६ साली वारला. ठशांनी छापलेली त्याची स्त्रीमुखे जगभर गाजली. परंतु त्यातील कित्येक स्त्रिया योशिवारा या वेश्यावस्तीतल्या होत्या. घरच्या दारिद्र्यापायी कोवळ्या वयातच तेथे विकल्या गेलेल्या मुली त्या वस्तीत होत्या. त्या चित्रांतील डौल पाहून आपण प्रसन्न होतो. त्या डौलाची किंमत कोणी मोजली, हेही बायकांनी तरी विसरू नये.

ही चित्रे काढणारे बहुतेक पुरुषच. म्हणून क्योतो येथील उएमुरा शोएन या बाईंची थोरवी मला विशेष वाटते. त्यांचा जन्म १८७५ चा. वडील त्यांच्या जन्मापूर्वीच वारले. आईने चहापत्तीचे दुकान चालवून दोन मुलींना वाढविले. मुलीच्या जातीला चित्रकलेची शाळा कशाला, असे नातेवाइकांचे म्हणणे. आईने ते मनावर घेतले नाही. पंधराव्या वर्षी शोएनबाईंनी काढलेले चित्र राणी व्हिक्टोरियाच्या मुलाने विकत घेतले. १९०४ साली एका प्रदर्शनात कोणी दुष्टाव्याने त्यांच्या चित्रातील चेहऱ्यावर रेघोट्या ओढल्या. गुपचूप दुरुस्त करा, असा निरोप आला. ‘आहे तसेच राहू द्या, लोकांना दिसू द्या,’ अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. १९४८ साली जपानचा संस्कृती-सन्मान त्यांना मिळाला. तो मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री.

आता नक्कलीकडे वळू. या शोएनबाई शिकल्या कशा? नकला करून! क्योतोच्या गिओन उत्सवात जुनी घराणी आपले चित्रित पडदे लोकांना पाहण्यासाठी मांडीत. बाई वही घेऊन जात, परवानगी मागत आणि तेथेच बसून बारीक आकारात चित्र उतरवून घेत. अशा वह्या त्यांनी जन्मभर जपल्या.

हाताने उतरविताना डोळा उघडतो, तो असा. जुन्या चालीप्रमाणे मूल झाल्यावर जपानी स्त्री भुवया काढून टाकी; त्या जागी निळसर छटा उरे. शोएनबाईंच्या आठवणीत आईचा असा चेहरा होता, आणि १९४३ साली निघालेल्या त्यांच्या लेखसंग्रहाच्या नावातच त्या निळ्या भुवया आहेत. नक्कल करणारीने चूक समजून तेथे काळ्याभोर भुवया रेखल्या, तर चित्रातील आई नाहीशी होईल. कपाळावरचे कुंकू विसरले तर आपल्याकडील जुन्या चित्राचा अर्थ बदलेल, तसेच हे. छापलेल्या चित्रावरून आपली नजर घसरून जाते. काढावयास बसले की प्रत्येक रेघ विचारते, मी येथे का?

रंगांचेही असेच. मूळ चित्रांत शिंपल्यांची पूड सरसात कालवून चेहऱ्याचा पांढरा रंग करतात, आणि दगड कुटून निळा-हिरवा. पूड जाड ठेवली तर रंग गडद, बारीक वाटली तर फिका. आपण साधे जलरंग वापरले. तरी पातळ थरावर थर देण्याचा धीर त्यातूनही शिकता आला.

ही देवघेव एकतर्फी नाही. आराई कांपो हे जपानी चित्रकार रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून १९१६ साली कलकत्त्यास शिकविण्यासाठी आले. पुढे आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत बसून त्यांनी भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. टोकियोत ठेवलेल्या त्या प्रती १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. परंतु आपल्या भिंतींवरील रेषा गिरविण्यात त्या गुणी माणसाला कमीपणा वाटला नाही, हे आपण लक्षात ठेवावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावयाचे. मूळ चित्रकाराची सही आणि लाल शिक्का आपल्या प्रतीवर उतरवू नये. खाली स्पष्ट लिहावे, ‘अमुक चित्रावरून’, आणि पुढे आपले नाव घालावे. सही उतरविली की नक्कल लबाडी होते. नाव सांगितले की ती विद्या होते. आपल्या वर्गातील दोघीतिघींनी संकोचाने नावच घातलेले नाही. भगिनींनो, रांगोळी, भरतकाम, गोधडी यांवर आपल्या आयाआज्यांनी कधी नाव घातले नाही, आणि त्यांची कला कोणाची हे आज सांगता येत नाही. तेव्हा सभा संपल्यावर लेखणी घ्या आणि प्रत्येकीने आपापल्या चित्राखाली आपले नाव लिहा, एवढीच माझी विनंती आहे.